मदत हवी आहे: अरबी समुद्राच्या मॉडेलमध्ये ओपन बाउंड्रीवर प्रवाह अडकतोय

नमस्कार. मी परभणीची. रॉम्सवर (समुद्राचे प्रवाह गणिताने काढणारी संगणक-प्रणाली) अरबी समुद्राचं प्रादेशिक मॉडेल चालवतेय. समुद्र इथून ४०० किलोमीटरवर, पण आमच्या पावसाचं बरंचसं बाष्प त्याच्यावरूनच येतं, म्हणून हा विषय घेतला. आमच्या विभागात हे काम करणारं दुसरं कुणी नाही. आठ कोअरच्या मशीनवर १० दिवसांच्या रनला अख्खी रात्र लागते, मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे अंदाजाने बटणं फिरवून बघणं परवडत नाही.

क्षेत्र ६६ ते ७५ पूर्व, १३ ते २० उत्तर. ग्रिड १/३६ अंश, म्हणजे एकेक चौकोन (सेल) साधारण ३ किलोमीटरचा. खोली जेब्कोची (समुद्रतळाचा जागतिक नकाशा), सीमेवरचे आकडे हायकॉमचे (जागतिक समुद्र मॉडेल, १/१२ अंश), भरती-ओहोटी टीपीएक्सओची (भरतीचं जागतिक मॉडेल). पूर्वेला किनारा, बाकी तिन्ही बाजू उघड्या (ओपन बाउंड्री), म्हणजे तिथे मॉडेल संपतं पण समुद्र पुढे चालूच असतो. सीमेवर पाण्याच्या पातळीला चॅपमन, खोलीभर सरासरी काढलेल्या प्रवाहाला फ्लॅदर; दोन्ही लाटांना सीमेबाहेर जाऊ देणारे नियम. तापमान, क्षारता आणि थरांमधले प्रवाह क्लॅम्प्ड, म्हणजे हायकॉम सांगेल तेच.

डिसेंबरचा रन आठवडाभर छान चालतो. नवव्या दिवशी उत्तर सीमेला लागून चार-पाच सेलच्या पट्ट्यात तापमान बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायला लागतं, एक सेल गरम तर शेजारचा थंड. बाराव्या दिवशी आकडे भरकटून रन बंद पडतो. जुलैचा रन लावला तर उत्तर बाजू स्वच्छ आणि तोच पट्टा दक्षिणेला!

आधी वाटलं, लाटा सीमेवर आपटून परत येताहेत. आमच्या शेतातल्या हौदात बैलाने तोंड घातलं की वर्तुळं समोरच्या सिमेंटच्या भिंतीवर जाऊन माघारी फिरतात, तसं. पण हिशेब जुळेना. ३,००० मीटर खोलीत भरतीसारख्या लांब लाटेचा वेग सेकंदाला १७१ मीटर, म्हणजे तासाला ६१७ किलोमीटर. ती परत यायची असती तर पहिल्याच दिवशी दिसली असती. मग नववा दिवस का? क्लॅम्प्ड ठेवणंच चुकतंय का? स्पंज, म्हणजे सीमेलगत हालचाल शोषून घेणारा पट्टा, लावायचा तर किती रुंद?

प्रतिसाद १
ताई, उत्तर तुमच्या जुलैच्या रनमध्येच आहे. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, पावसाळ्यात दक्षिणेकडे. म्हणजे पाणी ज्या बाजूने बाहेर पडतं, तिथेच तुमचा पट्टा उमटतो. आतलं पाणी सीमेपर्यंत आपलं तापमान घेऊन येतं, तिथे हायकॉमचा वेगळा आकडा ठोकून बसवलेला. दोघांतला फरक एका सेलमध्ये मावत नाही. वेगवान लाटा फ्लॅदर नीट बाहेर सोडतोय, त्याला हात लावू नका.

तापमान, क्षारता आणि थरांमधल्या प्रवाहांना रेडिएशन (बाहेर जाऊ देणं) आणि नजिंग (बाहेरच्या आकड्याकडे हळूहळू ओढणं) एकत्र लावा (२००१ ची मार्चेसिएलो आणि सहकाऱ्यांची पद्धत). सीमेजवळ काय कुठल्या दिशेने सरकतंय हे मॉडेल दर स्टेपला स्वतः काढतं. बाहेर चाललं असेल तर जाऊ देतं, आत येत असेल तर बाहेरच्या आकड्याकडे ओढतं. ओढ दोन्हीकडे सारखी ठेवू नका. ओढीचा काळ आत येताना १ दिवस (जोरात ओढ), बाहेर जाताना ३६० दिवस (नावापुरती ओढ), इथून सुरुवात करा.

स्पंज १० सेलचा, म्हणजे ३० किलोमीटर. त्यात घर्षण हळूहळू वाढवत न्या. एकदम वाढवलंत तर तीच नवी भिंत होते.

आणि सीमेवरची खोली तपासा. जेब्को आणि हायकॉम यांची खोली तिथे जुळत नसेल, तर प्रवाह बरोबर देऊनही आत येणारं पाणी कमी-जास्त होतं. शेवटच्या काही सेलमध्ये दोन्ही खोल्या हळूहळू एकमेकींत मिसळा.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण मला २० उत्तर ही रेषाच खटकते. तिथे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ (मंच) फार रुंद आहे आणि खंभातच्या तोंडाशी भरती झपाट्याने फुगते. अशा जागेवरून सीमा नेऊ नये. क्षेत्र उत्तरेला वाढवून खंभातचं आखात पूर्ण आत घ्या, म्हणजे ती बाजू बरीचशी जमिनीनेच बंद होईल.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. रेडिएशन-नजिंग आणि स्पंज लावून डिसेंबरचा रन काल ३० दिवस पूर्ण चालला. बुद्धिबळाचा पट गेला. हौदाच्या ज्या कोपऱ्यात शेवाळ दाटलंय तिथे वर्तुळं परत येत नाहीत, स्पंज म्हणजे काय ते आता डोळ्यांना दिसलं. मात्र पूर्ण क्षेत्राची सरासरी पातळी महिनाभरात थोडी थोडी वर सरकतेय. क्षेत्रातल्या पाण्याचं आकारमान कायम ठेवायचा पर्याय चालू करू का?

प्रतिसाद १
भरती चालू असताना नको. भरतीला तुमचं क्षेत्र रोज भरतं आणि रिकामं होतं, तेच तुम्ही अडवून बसाल. आधी खोलीची जुळवणी करा. तरी सरकत राहिली तर तिन्ही सीमांवरून आत-बाहेर जाणाऱ्या पाण्याची बेरीज काढून इथे टाका.

मूळ प्रश्नकर्ती
ठीक. खोली जुळवून आज रात्री रन लावते. खंभातचं ग्रिड रविवारी.