कुत्रा फिरवायचे किती देता? (अनुभव धागा)

गिरगावकरीण

गावी न्यायला झांजा शोधत होते. माळ्यावरच्या पेटीत झांजांऐवजी चामड्याचा पट्टा हाताला लागला. लाकडासारखा कडक झालेला, बक्कल गंजलेलं, आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात 'राजा, दुसरा मजला'. झांजा राहिल्या बाजूला, मी तिथेच फतकल मारून बसले.

राजा नावाला आमचा, खाण्यापिण्याला अख्ख्या चाळीचा. सकाळ-संध्याकाळ त्याला तळमजल्यावरचा बाळू न्यायचा, गिरगाव चौपाटीपर्यंत आणि परत. मोबदला म्हणजे रविवारी एक वडापाव आणि बाबांकडून गणिताची फुकट शिकवणी. बाळू दहावी पास झाला तेव्हा बाबा पेढा खात म्हणाले होते, या पोराला कुत्र्याने पास केलंय.

आता मी बोरिवलीला. लेकीने 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॅब्रडॉर आणला, लाडू. तेव्हा सगळे घरातच, त्याला न्यायला भांडणं व्हायची. ऑफिसं उघडली आणि लाडू माझ्या गळ्यात आला. माझा गुडघा हा असा. म्हणून लाडूला फिरवायला माणूस, वॉकर ठेवला. दोन वेळा अर्धा-अर्धा तास, रविवार सुट्टी, महिना 6000. आमच्या पोळीभाजीच्या बाई 4500 घेतात. परवा पैसे पाठवताना त्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, कुत्रा फिरवायचं काम आहे का हो अजून कुठे तुमच्या ओळखीत?" मला उत्तर सुचेना. म्हटलं, भाजीत मीठ जास्त होतंय हल्ली, जरा बघा.

आता गणपतीत देवरुखला जायचंय तर बोर्डिंगवाला दिवसाला 900 सांगतोय, सात दिवसांचे 6300. तुम्ही किती देता, कोणाला देता, पस्तावलात का, सगळं लिहा. भटक्या कुत्र्यांवरची भांडणं कृपया दुसरीकडे.

साडेसातची फास्ट

मुलुंड. 3500, फक्त सकाळ. संध्याकाळी मी नेणार असं ठरलं होतं. ठरलं होतं.

ठमाकाकू

बाळूचं पुढे काय झालं ते सांगा आधी.

गिरगावकरीण

@ठमाकाकू बँकेत लागला, आता रिटायरसुद्धा झाला. कुत्रा पाळत नाही. म्हणतो कोटा संपला.

नुसतीच वाचते

आज पहिल्यांदा लिहितेय, फोनवरून, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्याकडे पग. दोन वेळचे 5000. पोरगा वेळेवर यायचा, गोड बोलायचा, रोज एक फोटो पाठवायचा. पाच महिन्यांनी नखं कापायला डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी पंजा उलटा करून धरला आणि मला विचारलं, हा चालतो कुठे? नखं आकडीसारखी वळली होती. म्हणाले रोज रस्त्यावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं घासली जातात, एवढी वाढतच नाहीत. घरी येऊन वॉचमनकाकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणे, दादा पंपरूमच्या मागच्या बाकावर बसतो ना, मोबाइल बघत. कुत्रा पण तिथेच असतो बांधलेला. मग तुम्ही सांगितलं का नाही? तर म्हणे मला वाटलं तुम्हीच सांगितलंय तसं.

पंचवीस हजार गेले. काढून टाकला तेव्हा उलट मलाच म्हणतो, मॅडम तुमचा कुत्राच बसतो, मी काय ओढत नेऊ?

सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं आहे. आता मी नेते. गेटपासून वीस पावलांवर बसतो.

अस्मादिक

हाहाहा, गेटपासून वीस पावलं. माझीही क्षमता तेवढीच.

खारघर नव्हे खार

आमच्याकडे रेट पत्त्यावर ठरतो. एकच वॉकर. रेल्वेच्या पश्चिमेला 8000, पूल ओलांडून पूर्वेला माझ्या बहिणीकडे 5500. कुत्र्याची जात एक, वजन एक, शी एक. विचारलं तर म्हणाला, तिकडे पार्किंगला त्रास होतो. येतो सायकलवर.

पार्काच्या भिंतीलगत

@गिरगावकरीण तुम्ही बोरिवली म्हणजे पूर्व की पश्चिम? आमच्या बिल्डिंगच्या मागे नॅशनल पार्कची भिंत. संध्याकाळी सातनंतर कोणी यायला तयार नाही कारण बिबट्याला कुत्रा फार आवडतो, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आपण असतो. एक जण तयार झाला, 500 जास्त घेऊन. घरात त्याला आम्ही बिबट्या भत्ता म्हणतो. अजून बिबट्या दिसलेला नाही, भत्ता चालू आहे.

गिरगावकरीण

पश्चिम. आमच्याकडे फक्त रिक्षावाले.

पाच पट्टे

लिहू की नको असा विचार करत होतो. मी वॉकर आहे. गोरेगाव-मालाड, सहा वर्षं झाली. कुरियरमध्ये होतो, लॉकडाऊनच्या आधी हे धरलं.

सकाळी साडेपाच ते दहा नऊ कुत्रे, संध्याकाळी सात. तुम्ही अर्धा तास म्हणता. गेटवर नाव-नंबर लिहा, वॉचमन इंटरकॉम करणार, सर्व्हिस लिफ्टमध्ये कचऱ्याचे डबे चाललेले, 22 वा मजला. वर गेलो की मॅडम आंघोळीला. पट्टा घाला, खाली या, फिरवा, परत वर. अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं होतात, पैसे अर्ध्या तासाचे. दोन कुत्रे एकत्र नेले तर लगेच म्हणतात, मग रेट कमी करा. दोघांची एकमेकांशी गट्टी जमवायला मला दीड महिना लागतो, त्याचे कोणी देत नाही.

दोनदा चावलाय. इंजेक्शन पालिकेच्या हॉस्पिटलात फुकट मिळतं, पण ठरलेल्या तारखांना जावंच लागतं, चुकवून चालत नाही, आणि सकाळची रांग म्हणजे तेवढे कुत्रे बुडाले. ज्यांचा कुत्रा चावला त्यांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांनी उलट विचारलं, तू काय केलंस त्याला?

पावसात रेनकोट माझा, पाय पुसायचा नॅपकिनपण माझाच. मे महिन्यात नऊनंतर मी नेत नाही. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवायची आणि मनात सात आकडे मोजायचे. हात टिकला नाही तर पंजापण टिकणार नाही. एका सरांना हे सांगितलं तर म्हणाले, आम्हाला साडेनऊच सोयीचं आहे. ते काम सोडलं. कुत्रा चांगला होता, अजून त्या रस्त्याने गेलो की गॅलरीतून ओरडतो.

बाकी पंपरूमवाल्याबद्दल काय बोलू. असे असतात.

नुसतीच वाचते

दादा, वाचून गप्प झाले. आम्ही कधी पाणीसुद्धा विचारलं नाही हो आमच्यावाल्याला. (तो बसलेलाच असायचा, तरी.)

खारघर नव्हे खार

@पाच पट्टे नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा. खारला येता का?

पाच पट्टे

येतो. पार्किंगचे घेत नाही.

माऊची आई

मांजरवाल्यांचं कोणी ऐकणार का? लोक म्हणतात मांजरीला काय, चार दिवस खाणं ठेवून जा. ठेवून बघा एकदा, मग गादीचा वास घ्या.

आम्ही सिटर ठेवली होती. रोज एक फेरी, 500. खाणं, पाणी, वाळू साफ करायची आणि व्हिडिओ पाठवायचा. मुलगी फार मनापासून करायची, पण आमची माऊबाई पहिल्या दिवशी जी वॉशिंग मशीनच्या मागे गेली ती आम्ही येईपर्यंत बाहेर आली नाही. चार दिवस मला रिकाम्या सोफ्याचे व्हिडिओ आले. "माऊ, ओ माऊ" असा आवाज आणि सोफा. 2000 रुपयांत सोफा सगळ्या बाजूंनी बघितला. त्याच्या मागच्या कापडाला भोक आहे हे तेव्हा कळलं.

अस्मादिक

सोफा कुठून घेतला?

माऊची आई

@अस्मादिक तुम्हाला उत्तर देणार नाही.

एक चिंतातुर

पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून. आईसाठी ब्यूरोची बाई आहे, बारा तासांचे 850. मे महिन्यात आम्ही चार दिवस बाहेर गेलो तेव्हा ऑस्करचं बोर्डिंग दिवसाला 1000. भावाने हे फोनवर ऐकलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तो नाशिकला, आईला वर्षातून दोनदा भेटतो, ते असो. त्याला समजावत बसले की बोर्डिंगमध्ये रात्रपण धरलेली असते, खाणं त्यांचंच, एसी असतो. जितकं समजावलं तितकं जास्त वाईट ऐकू येत होतं, मलाच.

आई पलंगावरून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मलापण तिकडेच ठेवा. तिथे दोन वेळा फिरवून आणतात म्हणे."

ठमाकाकू

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि खरंच न्या हो त्यांना खाली जरा. व्हीलचेअर भाड्याने मिळते, आमच्या ह्यांच्यासाठी घेतली होती.

एक चिंतातुर

नेते काकू, आता रोज. ऑस्कर आणि आई एकदमच. ऑस्कर चाकाच्या बाजूने चालतो, कोणी शिकवलं नाही. ऑस्करचा वॉकर बंद केला, 4000 वाचले.

मेघ मालाड

आमच्या सोसायटीत वेगळाच तमाशा. कमिटीने ठराव केला की कुत्र्यासाठी लिफ्टचा महिना 300 वेगळा चार्ज, वॉकरचा पास वेगळा. म्हणजे वॉकरचे 5000, वर हे. मी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना प्रिंट काढून नेल्या. त्यात स्पष्ट आहे की पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही आणि त्यासाठी जास्तीचे पैसे लावता येत नाहीत. सभेत वाचून दाखवल्या. सेक्रेटरी म्हणाले, हे दिल्लीला चालत असेल. अडीच तास चर्चा, चहा दोनदा. शेवटी चार्ज गेला, पास राहिला.

गंमत पुढेच. चेअरमनच्या मुलीने दिवाळीत बीगल आणला. जानेवारीत पासपण गेला.

अनामिक सायन

माझा अनुभव हसण्यासारखा नाही, थोडक्यात लिहितो. गेल्या पावसाळ्यात वॉकरने शॉर्टकट म्हणून गटार तुंबलेल्या गल्लीतून नेला, घोट्याएवढं पाणी. आठवड्याने खाणं सोडलं, डोळे पिवळे. लेप्टो. उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो. चार दिवस सलाईन, बिल 38 हजार. वाचला. वॉकरला मी खूप बोललो. नंतर फाइल उघडली तर लेप्टोची वार्षिक लस फेब्रुवारीतच द्यायची होती, मी पुढे ढकलली होती. त्याला फोन करून सॉरी म्हणायचं राहिलं ते राहिलंच.

पावसाळ्याआधी फाइल बघा.

ठमाकाकू

बरा आहे ना आता?

अनामिक सायन

हो. चप्पल खातोय.

जुनी परळकर

आजारपण निघालं म्हणून आठवलं. आम्ही लहानपणी मांजर घेऊन परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात जायचो. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, पण ते कोणाच्या तोंडी नाही, टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगायचं. बाजूला खरंच बैल उभे असायचे. आजी पिशवीत मांजर घालून बसने न्यायची, वर कोथिंबीर ठेवायची, कंडक्टरला कळू नये म्हणून. कोथिंबीर म्याव करायची.

माऊची आई

कोथिंबीर म्याव करायची!! ऑफिसात हसले मोठ्याने.

कोकणात चाललो

@गिरगावकरीण बोर्डिंगचे 6300 द्या आणि सुखाने जा. आम्ही ते वाचवायला गेलो होतो.

रेल्वेत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. पेटीत बायको पाठवेना. कूपेचं म्हणाल तर 60 दिवस आधी सकाळी आठला बुकिंग उघडतं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी आपण वेटिंगवर. म्हणून गाडी. पेण, वडखळ, कोलाड, माणगाव. माणगावात अडीच तास. ब्रुनोला गाडी लागते हे आम्हाला माणगावातच कळलं, आईच्या मांडीवर. नवी साडी होती, आवाहनासाठी घेतलेली.

गावी पोचलो तर गावच्या काळ्या कुत्र्याने नुसतं बघितलं, हा दोन दिवस पडवीच्या बाहेर नाही. तिसऱ्या दिवशी धीर आला तो थेट स्वयंपाकघरात. नैवेद्याचे अकरा मोदक. काकूंनी परत उकड काढली, तोंडाने जे काढलं ते इथे लिहिता येणार नाही.

साडेसातची फास्ट

एकवीसातले अकरा? प्रामाणिक कुत्रा, बाप्पाला दहा ठेवले.

गिरगावकरीण

सगळ्यांचं वाचतेय, उत्तरं द्यायला वेळ होत नाही, बॅगा भरतेय.

घडलं ते सांगते. आमचा वॉकर गणपतीला स्वतःच्या गावी गेला, त्याचंही बरोबर. परवा लाडू दारात पट्टा तोंडात धरून उभा आणि माझा गुडघा सुजलेला. बाई पोळ्या आटपून निघाल्याच होत्या. म्हणाल्या, द्या इकडे. मला भीती, 32 किलोचा कुत्रा आणि या एवढ्याशा. गॅलरीतून बघत राहिले. लाडू त्यांच्या बाजूने मान वर करून चालत होता, एकदाही ओढलं नाही. हाताला पोळ्यांचा वास ना.

परत आल्यावर मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगून टाकलं. संध्याकाळची एक वेळ, 3000, रविवार सुट्टी, पाऊस असेल तर छत्री तुमची. मी हो म्हटलं. वॉकर आला की त्याला सकाळचीच वेळ राहिली हे कसं सांगायचं ते बघते.

लाडू उद्या बोर्डिंगला.

ठमाकाकू

आणि मीठ?

गिरगावकरीण

@ठमाकाकू आता बरोबर पडतंय.

टिंबटिंब

मालाड पश्चिमला 14 ते 19 तारखेला मांजर बघायला कोणी आहे का? एक बोका, शांत आहे, चावत नाही.

टिंबटिंबची बहीण

चावतो.