अपघाताची भरपाई : अर्ज कधी केला, पैसे कधी आले? तुमचे अनुभव लिहा

ऑगस्ट २०२३ मध्ये नऱ्ह्याच्या सेवा रस्त्यावर माझ्या धाकट्या काकांना मागून धडक बसली. पहाटे दूध आणायला निघाले होते. त्यातच ते गेले. गाडी कुठली, कोणाची, ते आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून काकूंबरोबर मी ज्या ज्या कार्यालयाच्या पायऱ्या चढले, तिथे बाकावर आमच्यासारखंच कोणीतरी मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेलं असायचं. पिशवीत एफआयआर, पीएम रिपोर्ट, आधारच्या झेरॉक्स. बोलायला लागलं की कळायचं, शेजारच्या बाईंना जे ठाऊक आहे ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा धागा काढते आहे. कागद कुठे अडला, कशाने हलला, किती महिने गेले ते लिहा. कार्यालयाचं किंवा वकिलांचं नाव नको. रक्कम लिहायची नसेल तर राहू द्या, तारखा मात्र लिहा.

आधी माझं सांगते.

वाहन सापडलंच नाही तर केंद्राची योजना आहे. मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख, गंभीर दुखापत असेल तर ५० हजार. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. त्यांनी महिन्याभरात चौकशी करून अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी १५ दिवसांत मंजुरी द्यायची आणि त्यानंतर १५ दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिल, म्हणजे विमा कंपन्यांची संस्था, तिच्याकडून पैसे खात्यात यायचे. सगळे मिळून दोन महिने.

अशी काही योजना आहे हेच आम्हाला पाच महिने माहीत नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांनी स्वतःहून नातेवाइकांना या योजनेची माहिती द्यावी, असं बजावलं. ती बातमी वाचून मी काकूंना फोन केला. फेब्रुवारीत अर्ज दिला. लगेच त्रुटी निघाली : वाहन अज्ञात असल्याचा पुरावा जोडा. एफआयआरमध्येच 'अज्ञात वाहन' लिहिलेलं होतं, पण त्यांना अ समरी हवी होती. म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळत नाही, असा कोर्टाने मंजूर केलेला पोलिसांचा अहवाल. पोलीस म्हणत, तपास चालू आहे. महसूलवाले म्हणत, तपास संपू द्या. मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, पाठोपाठ विधानसभेची. टेबलावरचा माणूस निवडणुकीच्या कामाला गेलेला. शेवटी एका भल्या फौजदारांनी 'शोध घेऊनही सदर वाहन मिळून आलेले नाही' एवढं एका ओळीचं पत्र दिलं आणि फाइल पुढे सरकली. कायद्यात वाजवी प्रयत्न करूनही वाहनाची ओळख न पटणं, एवढंच म्हटलेलं आहे. ते पत्र पहिल्या महिन्यातही देता आलं असतं.

पैसे एप्रिल २०२५ मध्ये आले. अर्जापासून चौदा महिने. काकू तोवर धायरीत दोन घरी पोळ्या करत होत्या. पैसे आले त्या संध्याकाळी त्या आधी समोरच्या बिऱ्हाडी गेल्या. दवाखान्याच्या वेळचे १८ हजार द्यायचे राहिले होते.

फुरसुंगीची सून

ताई, आमची गाडी सापडली होती, विमाही होता. तरी आठ वर्षं गेली.

डिसेंबर २०१६. मिस्टरांचा स्वतःचा छोटा टेम्पो, मार्केट यार्डातून माल भरायचे. उरुळी कांचनच्या अलीकडे ट्रकने ठोकलं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच. सासूबाई आमच्यातच. २०१७ मध्ये शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला. ट्रकमालक परराज्यातला, त्याला नोटीस बजावून होण्यातच दीड वर्ष गेलं. मग माझी सरतपासणी, उलटतपासणी. विमा कंपनीचे वकील विचारत होते, 'ते महिन्याला २२ हजार कमवायचे याला कागद काय?' कागद नव्हता. डायरी होती, त्यात त्यांच्या अक्षरात भाडी लिहिलेली. ती धरली नाही. मग कोरोनात कोर्ट बंद.

निकाल २०२२ मध्ये लागला. हिशोब मला वकिलांनी पाटीवर मांडावा तसा समजावला, तो इथे देते, कोणाला उपयोग होईल. उत्पन्न धरलं महिना १० हजार. वय ३४, चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले १४ हजार. घरात अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्यांचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले साडेदहा हजार. वर्षाचे १ लाख २६ हजार. त्या वयाला ठरलेला गुणक १६, म्हणजे वर्षाच्या रकमेला १६ ने गुणायचं. एकूण २० लाख १६ हजार. वर अंत्यविधी वगैरेचे थोडे, आणि दावा लावल्या तारखेपासून व्याज. २२ हजाराचा कागद असता तर हीच रक्कम दुपटीच्या वर गेली असती. धंदेवाल्यांनी निदान बँकेतून व्यवहार करावेत, हे माझं हात जोडून सांगणं आहे.

निकाल लागला म्हणजे पैसे आले असं मला वाटलं होतं. कंपनी मुंबईला उच्च न्यायालयात अपिलात गेली. रक्कम जमा झाली, पण आम्हाला काढायची परवानगी निम्म्याचीच. त्यातही मुलांचा हिस्सा ती अठरा वर्षांची होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. तो नियम मुलांच्या भल्याचाच आहे, मी नाही म्हणत नाही. अपील सुटून बाकीचे पैसे आले २०२४ च्या अखेरीस. मुलगी आता दहावीला आहे. तिच्या ठेवीतून क्लासची फी मिळावी म्हणून अर्ज दिलाय, त्याला तारीख पडली आहे.

शिरूर तालुका

आमच्या वडिलांचं शेतकऱ्यांच्या योजनेतलं प्रकरण. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. मृत्यूला २ लाख. रस्त्यावरचा अपघातही त्यात बसतो, हे गावात निम्म्या लोकांना माहीत नाही. साप चावला, वीज पडली, तेवढ्यालाच आहे असं समजतात.

वडील मोटारसायकलवर होते. सातबारा, फेरफार, वारसनोंद सगळं दिलं. लायसन मागितलं. लायसन घरात सापडंना. आरटीओतून नक्कल काढायला महिना गेला. त्रुटी पूर्ण केली तर म्हणाले, प्रकरण मंजूर आहे, निधी आला की पडतील. सात महिने 'निधी आला की'. मी दर सोमवारी बाजारला जाताना चक्कर मारायचो. पडले एकदाचे, पण दशक्रियेला काढलेलं कर्ज तोवर व्याजाने फुगलं होतं.

निवृत्त हवालदार, बारा वर्षं वाहतूक आणि तपास

आमची बाजू मांडतो, सबब म्हणून नाही. एका तपासी अंमलदाराकडे एकाच वेळी वीस-पंचवीस गुन्हे असतात. अपघाताचा पंचनामा, आरटीओचा तपासणी अहवाल, विमा पॉलिसीची खातरजमा, जबाब. त्यात बदली झाली की नवा माणूस फाइल पहिल्या पानापासून वाचतो.

पण एप्रिल २०२२ पासून नियम स्पष्ट आहेत आणि ते लोकांना पाठ असायला हवेत. अपघातानंतर ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला जायला हवा. १० दिवसांत पीडिताला त्याच्या हक्कांचा छापील कागद द्यायला हवा. ९० दिवसांत सविस्तर अहवाल. ठाण्यात जाऊन 'आमच्या केसचं काय झालं' असं विचारू नका. 'पहिला अहवाल कोणत्या तारखेला पाठवला, जावक क्रमांक द्या' असं विचारा. या प्रश्नाला अंमलदाराला रजिस्टर उघडावंच लागतं. मी स्वतः उघडलेलं आहे.

चाकण

वेल्डर आहे. होतो. २०२१ मध्ये तळेगाव रस्त्यावर पिकअपने उडवलं, उजवा पाय गुडघ्यातून वाकत नाही. सरकारी दवाखान्याने अपंगत्व ३५ टक्के लिहिलं, तेही तिसऱ्या फेरीत, कारण बोर्ड ठरावीक दिवशीच बसतं आणि अस्थितज्ज्ञ रजेवर. ३५ टक्के शरीराचे. पण उकिडवं बसल्याशिवाय वेल्डिंग होत नाही, मग माझं काम तर शंभर टक्के गेलं. वकिलांनी सांगितलं की कोर्ट कमाईवर झालेला परिणाम बघतं, त्यासाठी डॉक्टरांना साक्षीला आणावं लागेल. डॉक्टर चार तारखांना आले नाहीत. पाचव्याला आले, वीस मिनिटांत साक्ष झाली. त्या वीस मिनिटांसाठी चौदा महिने. दावा अजून चालू आहे. बायको कंपनीत कॅन्टीनला जाते.

कोथरूड

आम्ही लोकअदालतीत तडजोड केली. मागणी १९ लाखांची होती, ११ वर मिटवलं. बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं, थांबणं शक्य नव्हतं. पैसे दोन महिन्यांत आले. चूक केली की बरोबर, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या दिवशी हॉलमध्ये आमच्यासारखी बरीच घरं होती, आणि समोरच्या बाजूला घाई कोणालाच नव्हती.

न्यायालयातला माजी कर्मचारी

एक बाजू अजून कोणी लिहिली नाही. पैसे जमा होऊन पडून राहतात, ते घ्यायला माणसं मिळत नाहीत. दावा लावताना भाड्याच्या खोलीचा पत्ता दिलेला असतो, निकालापर्यंत घर तीनदा बदललेलं, मोबाइल नंबर बंद. बांधकामावरचे मजूर तर गावी निघून गेलेले असतात. पाकीट 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत येतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये अशा पडून असलेल्या रकमांची दखल घेऊन वारसांना शोधून पैसे द्यायला सांगितलं आहे. तुमचा जुना दावा असेल, वकील वारले असतील, दुसऱ्या शहरात गेला असाल, तरी दाव्याचा क्रमांक घेऊन एकदा चौकशी करा. बँक पासबुकाची प्रत आणि चालू नंबर आधीच दाखल करून ठेवा. पासबुकावर आणि आधारवर नावात एक अक्षर वेगळं असलं तरी अडतं, ते आजच दुरुस्त करून घ्या.

वाघोली

माझ्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलाचा अपघात झाला, नगर रस्त्यावर. गाडी पळून गेली. मुलगा गेला. आठ महिने झाले. आता अर्ज करता येईल का? कोणी म्हणतं सहा महिन्यांची मुदत असते.

धागाकर्ती

ताई, सहा महिन्यांची मुदत न्यायाधिकरणातल्या दाव्याला आहे, २०१९ च्या दुरुस्तीने आलेली. तीसुद्धा आव्हानात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला आहे. पण तुमच्या मावशींचा मार्ग तो नाही. गाडी सापडलेली नाही, म्हणजे प्रांतांकडचा २ लाखांचा अर्ज. तो विनाविलंब द्या. आधी ठाण्यातून वाहन मिळून आलेलं नसल्याचं पत्र मागा, हवालदार काकांनी सांगितलं तसं जावक क्रमांकासकट. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

वाघोली

मावशींना लिहिता येत नाही. आणि मला सोमवारी रजा मिळणार नाही, बुधवारी मिळेल.

धागाकर्ती

बुधवारी साडेदहाला मी येते. एफआयआर, पीएम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, मावशींचं आधार आणि पासबुक, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मुलाचा एक फोटोही आणायला सांगा. माझ्याबरोबर काकू येणार आहेत, त्यांना ते टेबल माहीत आहे.