मदत हवी आहे: रंगीत पुंगळ्या रीलोडिंगला टिकतात का?

मंडळी, ९ मिमी काडतुसांच्या रीलोडिंगसाठी (झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरण्यासाठी) निळ्या-लाल लेपाच्या पितळी पुंगळ्या घ्याव्यात असा विचार आहे. कारण साधंच: रेंजवर सगळ्यांच्या पुंगळ्यांत आपल्या चटकन ओळखू येतात, आणि वेगवेगळे लोड (दारू आणि गोळीचे मेळ) रंगावरून वेगळे ठेवता येतात.

निकेलचा मुलामा दिलेल्या वापरल्या आहेत. डायमधून (पुंगळीला माप देणाऱ्या साच्यातून) छान सरकतात, काळ्या पडत नाहीत. पण तोंडाशी मुलाम्याचे पापुद्रे निघतात आणि साध्या पितळेपेक्षा तिथे लवकर चिरतात. रंगीत लेपाचंही असंच होतं का?

खरी शंका साइझिंगची, म्हणजे झाडल्यावर फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणण्याची आहे. डायच्या कठीण कार्बाइड रिंगमधून वारंवार गेल्यावर रंग खरवडला जाऊन डायमध्ये चिकटतो का? टंबलरमध्ये (पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) स्टीलच्या पिना चालतील, की मक्याच्या कणसांचा कोरडा भुसाच बरा? (अमोनियाचं पॉलिश मी पितळेला लावतच नाही, त्याने तडे जातात.) आणि लेपाखाली बारीक चीर लपली तर ती दिसणार कशी? मला तरी हीच गोष्ट जास्त खटकते.

पुंगळी किती वेळा भरेपर्यंत रंग टिकला, हे कुणी स्वतः वापरून पाहिलं असेल तर कृपया सांगा. तोंडाजवळचा फोटो असेल तर फारच उत्तम.