फोन घेताना अपडेट कुठवर मिळणार ते विचारता, की नुसता कॅमेरा बघता?

शहापूरचा मास्तर

रविवारी भाच्यासाठी फोन बघायला बेळगावच्या खडेबाजारात गेलो होतो. दुकानातल्या पोरानं रॅम, बॅटरी, मेगापिक्सेल सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मी विचारलं, "ह्याला सिक्युरिटी अपडेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चोरवाटा बुजवणारं, कुठवर आहे?" पोरगं हसलं. "येतंय की सर, फुकट येतंय." किती वर्षं? "येतंय, येतंय." खोका उलटासुलटा करून बघितला. चार्जर आत नाही हे बारीक अक्षरांत सापडलं, अपडेटबद्दल अवाक्षर नाही.

जुनी मोटरसायकल घेताना आपण आरसी कुठवर आहे ते आधी बघतो. इथं का नाही? माझा 2017 चा फोन, काचेला ओरखडा नाही, बॅटरी दिवसभर जायची. अँड्रॉइड 7 वर अडकला आणि एक दिवस बँकेच्या ॲपनं सांगून टाकलं, ह्या फोनवर चालणार नाही. धडधाकट फोन कपाटात गेला.

आता कंपन्या आकडा सांगतात तरी. गूगलनं 2023 मध्ये पिक्सेल 8 फोनला 7 वर्षं अपडेट जाहीर केलं, पुढच्या वर्षी सॅमसंगनं एस24 ला तेवढीच. पण ते महागडे. 2024 मध्ये वीस हजारांच्या आसपास निघालेल्या सॅमसंगच्याच गॅलेक्सी ए16 फाइव्ह-जीला 6 वर्षं आहेत, आणि शेजारच्याच काउंटरवर त्याच किमतीचे दोन-तीन वर्षांत संपणारे फोन असतात. फरक कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

खानापूरवाला

काय ओ मास्तर, शहापुरात बसून सुचतंय हे. आमच्याकडं या एकदा, जंगलाच्या कडेला. टॉवर हुडकण्यातच फोनची निम्मी बॅटरी जाते. मला फोनकडनं पाहिजे काय? रेंज पकडावी, दोन दिवस चार्जिंग टिकावं, पडला तर फुटू नये आणि उन्हात पडदा दिसावा. रोजचा पॅक दीड जीबीचा, अपडेट अडीच जीबीचं. ते उतरवायला बेळगावला बहिणीच्या घरी जाऊन वाय-फायला बसायचं का?

आणि उतरवून मिळतं काय, तर फोन मंद. हे मी मनानं सांगत नाही. 2018 च्या ऑक्टोबरात इटलीतल्या स्पर्धा आयोगानं ॲपलला 1 कोटी आणि सॅमसंगला 50 लाख युरोचा दंड ठोठावला, जुन्या फोनांवर जड अपडेटं घालून ते मंद केल्याबद्दल. त्याआधी 2017 च्या डिसेंबरात ॲपलनं स्वतःच कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झाली की आयफोनचा वेग आपण कमी करतो.

उचगावची सून

खानापूरच्या भाऊंशी सहमत. आमच्या सासूबाई हिरवा गोळा वर सरकवून फोन उचलायला शिकल्या, त्याला सहा महिने लागले होते. 2025 च्या ऑगस्टात एका सकाळी तो पडदाच बदलला. गोळा आता आडवा सरकवायचा! फोन वाजतोय, सासूबाई हातात धरून अंगणात उभ्या, "अगं, वाजतोय, पण उचलायचा कुठनं?" तिकडनं नणंद कट करून परत लावतेय. मी तर अपडेट बंदच ठेवलं होतं. ह्यांना कुणी विचारलं होतं बदला म्हणून?

शहापूरचा मास्तर

वहिनी, ते फोनचं अपडेट नव्हतं, कॉलच्या ॲपचं होतं. ते प्ले स्टोअरवरनं येतं, सिस्टिमचं बंद ठेवलं तरी येतं. कॉल ॲपच्या सेटिंगमध्ये सरकवण्याऐवजी नुसतं दाबून उचलायचा पर्याय असतो, तो लावून द्या. दोष भलत्याच्या माथी नको. मी मागतोय ते तिसरंच, महिन्याचं सिक्युरिटी पॅच. त्यात चित्रं बदलत नाहीत, सॉफ्टवेअरमधली भोकं बुजतात.

इटलीचं मान्य. पण तो दंड मोठं अपडेट न सांगता गळ्यात मारल्याबद्दल होता.

निपाणी मोबाईल

दुकानदार म्हणून बोलतो. मास्तर, तुमच्या 7 आणि 6 वर्षांत मेख आहे ती ऐका. ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. सणाला स्वस्तात निघणारा माल बऱ्याचदा दीड-दोन वर्षं जुना असतो. तीन वर्षांचा वायदा असलेला असला फोन घेतला तर हातात वर्षभर उरलं. युरोपीय संघानं 20 जून 2025 पासून नियम लावलाय, तिथं 5 वर्षं मोजायची ती त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून. आपल्याकडं तसं काही नाही.

बाकी गिऱ्हाईक काय विचारतंय? हप्ता किती बसतो. मग स्पीकर मोठ्यानं लावून बघतात, ट्रॅक्टरवर ऐकू आला पाहिजे. डिस्प्ले गेला तर निपाणीत मिळेल का, की कोल्हापूरला जावं लागेल. अपडेट विचारणारं गिऱ्हाईक मला वर्षात चार-पाच भेटत असतील, सगळी पुण्यात नोकरीला असलेली.

टिळकवाडी ते हिंजवडी

हजर आहे, त्या चार-पाचांतला. कंपन्या थांबतात त्याला आळस हे एकच कारण नाही. चिप बनवणाऱ्यानं त्या चिपसाठी नवीन सॉफ्टवेअर देणं थांबवलं की फोनवाल्याला पुढं नेणं अवघड आणि खर्चिक होतं. स्वस्त फोनला तो खर्च परवडत नाही. आणि पॅच म्हणजे शोभेचं नाही: 2015 मध्ये स्टेजफ्राइट नावाचं भोक सापडलं, नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून फोन ताब्यात घेता येईल असं. महिन्याच्या महिन्याला पॅच द्यायची रीत त्यानंतरच पडली.

खानापूरवाला

बरं. मग आमच्या गल्लीत एकाचे पैसे गेले ते सांगतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल आली, त्यानं उघडली, येईल त्याला "अलाव" दाबत गेला. फोन तीन महिन्यांचा होता, पॅच ताजं. कुठलं भोक बुजलं?

शहापूरचा मास्तर

ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. आपल्या हातानं दार उघडलं तर कुलूप काय करणार. तरी दुसऱ्या चोरवाटेसाठी कुलूप लागतंच.

खानापूरवाला

आणि जुन्या फोनवर सगळं बंद पडतं म्हणता, व्हॉट्सॲपनं 1 जानेवारी 2025 ला अँड्रॉइड 4.4 सोडलं. ते 2013 चं! अकरा वर्षं चाललं की. माझ्या जुन्या फोनवर पहाणीचा, म्हणजे सातबाऱ्यासारखा जमिनीचा कन्नड उतारा कॅमेऱ्यानं मराठीत वाचून होतो, तेपण प्ले स्टोअरचंच ॲप. नावं थोडी वेडीवाकडी येतात, पण तलाठ्याकडचा हेलपाटा वाचतो.

उचगावची सून

मास्तर, ते दाबून उचलायचं सापडलं. सासूबाई खूश. आता मामंजींच्या फोनवर शेवटच्या सिक्युरिटी पॅचची तारीख बघितली, 1 ऑगस्ट 2022 दाखवतंय. बदलायला सांगू का?

शहापूरचा मास्तर

बँकेचं ॲप, यूपीआय काही आहे का त्यात?

उचगावची सून

काही नाही. भजनं आणि नातवाचे फोटो.

शहापूरचा मास्तर

मग राहू दे.

खानापूरवाला

मास्तर, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.