मॅनेजर सुट्टीवर गेला की त्याचा पासवर्ड कोणाकडे? तात्पुरत्या ओव्हरराइड पासवर्डबद्दल

धागाकर्ता (हिशेब विभाग)
मर्यादेबाहेरची सवलत, झालेलं बिल रद्द करणं आणि मागच्या तारखेची नोंद ही तीन कामं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजरच्या पासवर्डशिवाय होत नाहीत. आमचे साहेब सुट्टीवर जाताना आपला पासवर्ड काउंटरवर सांगून गेले. परत आल्यावर लॉग, म्हणजे कोणाच्या नावावर कधी काय झालं याची सॉफ्टवेअरमधली नोंद, उघडला, तर त्यांच्या नावावर सात बिलं रद्द, आणि त्यातली दोन रद्द झाली तेव्हा ते विमानात होते. कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. संशय मात्र काउंटरवरच्या पाचही जणांवर राहिला. त्यातली एक मुलगी नोकरी सोडून गेली. मला ते अजून लागतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की मॅनेजरने स्वतःचा पासवर्ड कधीच कोणाला देऊ नये. सॉफ्टवेअरमधूनच तात्पुरता ओव्हरराइड पासवर्ड, म्हणजे अडवलेलं काम करू देणारा पासवर्ड, काढावा. तो एकाच माणसाच्या नावावर असावा, एका दिवसापुरता चालावा आणि संध्याकाळी आपोआप बंद व्हावा. लॉगमध्ये देणारा आणि वापरणारा अशी दोन्ही नावं यावीत.

प्रतिसाद (सर्व्हर आणि सुरक्षा सांभाळतो)
मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण उपायाला माझा विरोध आहे. दिवसभर चालणारा पासवर्ड सकाळी एकाला दिला, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाचही जणांना पाठ झालेला असतो. लॉगमध्ये एकाचं नाव येईल आणि हात दुसऱ्याचा असेल. म्हणजे जे साहेबांच्या बाबतीत झालं तेच आता एखाद्या साध्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत होईल, आणि त्याच्याकडे विमानाचं तिकीटही नसेल. शिवाय असे कोड लक्षात राहावेत म्हणून बरेचदा चार अंकी ठेवतात. चार अंकांचे एकूण प्रकार १०,००० होतात. चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं कुलूपबंद होत नसेल, तर एक छोटा प्रोग्रॅम ते सगळे तपासून मोकळा होतो.

सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी संगणक सुरक्षेवरच्या १९७५ सालच्या लेखात सांगितलेलं तत्त्व इथे लागू पडतं: कुलूप एका किल्लीने उघडण्यापेक्षा दोन वेगळ्या माणसांकडच्या दोन किल्ल्यांनी उघडावं. काउंटरवरच्याने विनंती पाठवावी. मॅनेजरने आपल्या फोनवर बिल क्रमांक आणि रक्कम पाहावी, मग स्वतःच्या लॉगिनमधून मंजूर करावं. सांगण्यासारखा पासवर्डच उरत नाही. मॅनेजर रजेवर असेल तर सहायकाच्या स्वतःच्या लॉगिनला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अधिकार द्या.

प्रतिसाद (काउंटरवर बसते)
फोनवरची मंजुरी ऐकायला छान आहे. नेट बंद पडतं तेव्हा काय करायचं? समोर माणूस ताटकळत असतो, चूक आमच्या बिलात असते आणि बोलणी आम्ही खातो. मला तात्पुरता कोड हवा आहे, आणि तो माझ्या नावावरच हवा आहे. मी केलेल्या कामाखाली माझं नाव आलं तर मला भीती नाही. भीती दुसऱ्याच्या नावाने काम करायची वाटते.

प्रतिसाद (बिलिंग सॉफ्टवेअर बनवतो)
ताईंचं म्हणणं रास्त आहे, आणि नेटशिवाय हे जमतं. २०११ साली आलेल्या आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकात वेळेवर आधारित कोडची रीत दिलेली आहे. दोन्ही यंत्रांत एकच गुप्त किल्ली ठेवलेली असते. त्या किल्लीवरून आणि घड्याळावरून दोन्हीकडे तोच कोड निघतो, आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. मॅनेजर साध्या कॉलवर तो वाचून दाखवू शकतो. काउंटरच्या मशीनचं घड्याळ पुढेमागे झालं की कोड जुळत नाही, तेवढं सांभाळावं लागतं.

पण हा कोड कशासाठी दिला हे कोडला कळत नाही. सवलतीसाठी घेतला आणि त्याच अर्ध्या मिनिटात बिल रद्द केलं, तरी तो चालेल. यावर आम्ही केलेला उपाय असा: पडद्यावर आधी बिल क्रमांक, रक्कम आणि काम यांवरून बनलेला एक आकडा दिसतो. मॅनेजर तीच माहिती आणि तो आकडा स्वतःच्या ॲपमध्ये घालतो, मग उत्तराचा कोड मिळतो. तो त्याच बिलाला, त्याच कामाला आणि एकदाच लागतो. पाठ करून उपयोग नाही.

प्रतिसाद (अंतर्गत लेखापरीक्षण)
रोज ओव्हरराइड लागत असेल तर सवलतीची मर्यादाच चुकीची ठरवली आहे, ती आधी बदला. आणि लॉग मॅनेजरलाही पुसता येत असेल तर वरची सगळी मेहनत वाया.

धागाकर्ता
दिवसभराच्या पासवर्डचा माझा मुद्दा मागे घेतो. सुरक्षावाल्यांचं पटलं, तो पाच जणांचा झालाच असता. नेट असेल तेव्हा फोनवर मंजुरी आणि नसेल तेव्हा एका बिलापुरता कोड, असं विक्रेत्याकडे मागणार आहे. कारण लिहिल्याशिवाय कोड स्वीकारूच नये, हेही. मागच्या तारखेच्या नोंदीला मात्र कोड देऊ नये. ती मॅनेजर येईपर्यंत थांबू शकते.

प्रतिसाद (अंतर्गत लेखापरीक्षण)
महिनाअखेरीला नाही थांबत. महिना बंद झाल्यावर ती नोंद पुढच्या महिन्यात जाते आणि दोन्ही महिन्यांचे आकडे बिघडतात. तिथे तारखा ठरवून सहायकालाच अधिकार द्या, आणि त्या नोंदी मी दुसऱ्या दिवशी एकेक करून तपासेन.