बसालेलाचे हात

ताई, तुम्ही लिहिलंत, 'प्रतिभा कवी-चित्रकारांची. माझा दिवस डबे भरण्यातच जातो, देवाला काय देणार?' वाचून राहवलं नाही.

बायबलमधल्या निर्गमाचा ३१वा अध्याय काढा. देव बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, ते प्रवचनासाठी नाही. सोनं, रुपं, पितळ, लाकूड घडवण्यासाठी. हातांच्या कामासाठी पवित्र आत्मा! मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, सगळा संसार ओढून झाल्यावर.

शरणपूरच्या आमच्या घरी आई नाताळच्या करंज्यांना मुरड घालताना टिळकांचे अभंग म्हणायची. एक चरण, एक करंजी. चरण विसरला की हात थांबायचा, आठवला की पुन्हा चालू. (मुरड मात्र कधी बिघडली नाही.) प्रार्थना कुठे संपली आणि स्वयंपाक कुठे सुरू झाला, हे आम्हा मुलांना कधीच कळलं नाही. मी देवाशी बोलायला शिकलो तो त्या पाटावर बसून, देवळात नंतर.

तुम्ही डबे भरताना काय गुणगुणता, ते नक्की लिहा.