मदत हवी आहे: उबंटू सर्व्हरचे होस्टनेम रीबूटनंतर पूर्ववत होते

नमस्कार. क्लाउडवरील उबंटू सर्व्हरचे होस्टनेम (नेटवर्कवरील नाव) मी ‘होस्टनेमसीटीएल’ ही कमांड वापरून बदलले. शिवाय इटीसी डिरेक्टरीतील होस्ट्स फाइलमध्ये (नावे आणि पत्ते यांची यादी) १२७.०.१.१ या पत्त्यासमोरचे जुने नावही बदलले, कारण ते तसेच राहिल्यास सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने काम करणारी कमांड) ‘अनएबल टू रिझॉल्व्ह होस्ट’, म्हणजे नावाचा पत्ता सापडत नाही, असा संदेश दाखवत राहते. मात्र रीबूट केले की दोन्हीकडे जुनेच नाव येते.

क्लाउड-इनिट (क्लाउड सर्व्हर सुरू होताना त्याची मांडणी करणारे साधन) ते पुन्हा लिहीत असावे, असा माझा अंदाज आहे. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ ट्रू केल्यावर होस्टनेम टिकेल. परंतु होस्ट्स फाइलसाठी ‘मॅनेज इटीसी होस्ट्स’ ही सेटिंग वेगळी फॉल्स करावी, की ती फाइल ज्यावरून तयार होते ते टेम्प्लेटच बदलणे योग्य?

याच सर्व्हरवर पोस्टफिक्स हे मेल सर्व्हर सॉफ्टवेअर चालते आणि त्यातील ‘मायहोस्टनेम’ (मेल सर्व्हरचे स्वतःचे नाव) अजून जुनेच आहे. मेल एक तासही थांबलेले चालणार नाही, म्हणून हे बदल कोणत्या क्रमाने करावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.